दहा सेकंदांची तसबीर

दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा म्हटले की पहिल्यांदा तसबिरी उतरवाव्या लागतात. देवादिकांच्या, वाडवडिलांच्या, लग्नातल्या, कुणाच्या तरी निरोपसमारंभाच्या. त्या उतरल्या की भिंतीवर जुन्या रंगाचे ताजे चौकोन दिसू लागतात. बाकीची भिंत चुलीच्या धुराने आणि उन्हाने काळवंडलेली असते. तसबिरीखालचा तेवढा तुकडा मात्र ज्या साली खिळा ठोकला त्या सालचाच राहिलेला असतो. रंगारी विचारतो, "हे सगळं पुन्हा लावायचं आहे का?" आणि घरात वाद सुरू होतो.

अलीकडे या वादात एक नवा पक्ष उतरला आहे. पुण्याला किंवा परदेशी असलेला मुलगा दिवाळीला येताना एक खोका आणतो. त्यात काचेची पाटी असावी तशी एक चौकट निघते. ती विजेला जोडायची, वायफायला जोडायची, आणि मग तिच्यातून एकामागून एक छायाचित्रे येऊ लागतात. तिला डिजिटल फोटो फ्रेम म्हणतात. बाभुळगावासारख्या तालुक्याच्या गावातही ती आता पाहायला मिळते. नाटकावर, कादंबरीवर, सिनेमावर आपण परीक्षणे लिहितो. परंतु घरातल्या माणसांच्या डोळ्यांपुढे जी वस्तू दिवसाचे बारा तास राहणार तिचे परीक्षण कुणी करीत नाही. दुकानदार इंच सांगतो, किंमत सांगतो, आणि गिऱ्हाईक त्यावर समाधान मानते. म्हणून हा प्रपंच.

आपल्याकडे भिंतीवर चित्र लावण्याची चाल घरोघर पोचवली ती रविवर्म्याने. १८९४ साली त्याने मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती चौकटीत बसून खेड्यापाड्यांत पोचल्या. दादासाहेब फाळक्यांनीही पुढे सिनेमा काढण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते. कॅमेरा तर त्याहून आधीचा. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची, आणि तिच्या कामात भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा पुढाकार होता. म्हणजे देवांच्या तसबिरी आणि माणसांच्या तसबिरी एकाच पिढी-दोन पिढ्यांच्या अंतराने भिंतीवर चढल्या. वर देव, खाली माणसे, आणि माणसांतही जी गेली त्यांना हार. हा क्रम कुणी लिहून ठेवला नव्हता, तरी घरात पाऊल टाकणाऱ्या परक्या माणसाला तो क्षणात वाचता येई. हार आहे म्हणजे विचारायचे नाही; हार नाही म्हणजे "हे सध्या कुठे असतात?" असे विचारायला हरकत नाही.

नव्या चौकटीने पहिला घाव घातला तो या व्याकरणावर. तिच्यात दहा सेकंद आजोबा दिसतात, पुढची दहा सेकंद नातवाचा वाढदिवस, त्यानंतर कुणीतरी चुकून पाठवलेले विजेचे बिल. हार घालायला जागा नाही. गेलेले आणि असलेले एकाच उजेडात येतात आणि जातात. काहींना हे फार गोड वाटते. माणूस गेला तरी सर्वांत मिसळून राहिला, असे ते म्हणतात. मला ते सर्वस्वी पटत नाही. पितृपक्षात ज्या फोटोपुढे नैवेद्य ठेवायचा तो फोटो नैवेद्य ठेवेपर्यंत तरी तेथे राहिला पाहिजे. चौकट एका चित्रावर थांबवून ठेवता येते हे खरे. परंतु ते करायला घरात कुणालातरी यावे लागते, आणि ज्यांना ते येते ती मंडळी बहुधा पुण्याला असतात.

तेव्हा माझा पहिला निर्णय हा की या चौकटीची तुलना भिंतीवरच्या तसबिरीशी करणेच गैर आहे. वडिलांची तसबीर उतरवून तिथे ही लावू नये. तिची खरी तुलना पेटीशी आहे. प्रत्येक घरात एक लोखंडी पेटी किंवा गोदरेजचे कपाट असते, आणि त्यात साड्यांच्या खाली तीन-चार आल्बम आणि एक पिशवीभर सुटे फोटो असतात. ते दहा वर्षांत एकदा निघतात. कुणाचे लग्न ठरले, कुणी वारले, किंवा कुणाला कसला दाखला हवा झाला, तरच. ही नवी चौकट त्या पेटीची दुष्मन आहे, भिंतीची नव्हे. पेटीतून जे कधीच बाहेर आले नसते ते ती बाहेर आणते. एवढ्यासाठी तिला घरात घ्यायला हरकत नाही, आणि एवढ्याच कसोटीवर ती निवडावी.

आता निवडीचे. दुकानात सर्वांत जास्त बोलबाला असतो तो आकाराचा आणि साठवणीचा. खरा प्रश्न आहे लांबी-रुंदीच्या प्रमाणाचा, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढीत नाही. बाजारातल्या बहुतेक चौकटी सिनेमाच्या पडद्यासारख्या आडव्या असतात. कुठे सोळास नऊ, कुठे सोळास दहा. आपल्या घरातली छायाचित्रे मात्र तशी नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांतून आगफा क्लिक थ्री नावाचा कॅमेरा असे. त्याच्या एका फिल्मवर बारा फोटो निघत आणि ते चौरस असत, सहा सेंटिमीटर बाय सहा. पुढच्या पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्याचे फोटो तीनास दोन. आजच्या मोबाईलचे बहुधा चारास तीन, आणि तेही उभे, कारण मोबाईल उभा धरायची सर्वांना सवय.

चौकटीला एक सोय असते. चित्र संपूर्ण दाखवायचे, का पडदा भरून दाखवायचे, हे ठरवता येते. पडदा भरून हवे असेल तर चित्र कापावे लागते. चारास तीनचा आडवा फोटो सोळास नऊच्या पडद्यावर भरला तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. आगफाचा चौरस फोटो भरला तर जवळजवळ चव्वेचाळीस टक्के जातो. मोबाईलचा उभा फोटो भरला तर निम्म्याहून अधिक. वाचकांना हा हिशेब कोरडा वाटेल. म्हणून एक उदाहरण घ्या.

घरातला जुना ग्रुप फोटो डोळ्यांपुढे आणा. मधल्या रांगेत खुर्च्या. त्यांवर आजोबा, त्यांचे भाऊ, एखादे व्याही, पागोटी आणि काठ्यांसह. पाठीमागे उभ्या सुना, डोक्यावरून पदर घेतलेल्या. त्यांच्यामागे स्टुलावर चढलेला एखादा गडी. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुले, त्यांतल्या एकाने नेमकी मान हलवलेली. हा फोटो पडदा भरून दाखवा म्हटले की यंत्र वरून कापते आणि खालून कापते. सुनांची डोकी जातात, मुले जातात. खुर्च्या तेवढ्या शाबूत राहतात. ज्यांना त्या काळी मधली जागा मिळाली त्यांनाच आजही मिळते, आणि तीही अशा यंत्राकडून, ज्याला त्या घरातले कुणीच ठाऊक नाही! काही महागड्या चौकटी चेहरे ओळखून कापतात असे सांगतात. ओळखत असतीलही, पदराआडचे चेहरे त्यांना कितपत ओळखू येतात हे मात्र आपल्याच घरच्या फोटोवर करून पाहावे.

उपाय साधा आहे. जुने फोटो ज्या घरात बरेच असतील त्यांनी शक्यतो चारास तीनची चौकट शोधावी. ती मिळाली नाही तर आडवी घ्यावी, पण 'पडदा भरा' ही सोय बंद करावी आणि कडेला काळ्या पट्ट्या येऊ द्याव्यात. काळ्या पट्टीची लाज बाळगण्याचे काही कारण नाही. जुने फ्रेमवाले फोटोभोवती जाड पांढरा पुठ्ठा सोडीत, तो काय जागा वाया घालवण्यासाठी?

कापाकापीत माणसांइतकीच पार्श्वभूमीही जाते, आणि आमच्या भागात तिला वेगळे मोल आहे. बाभुळगाव तालुक्यात खडक सावंग्याजवळ बेंबळा नदीवर धरण झाले. पाण्याखाली जमिनी गेल्या, घरे गेली, माणसे नव्या वसाहतींत राहायला आली. अशा घरात जुना फोटो पाहताना म्हातारी माणसे चेहऱ्यांपाशी फार थांबत नाहीत. चेहरे तर समोर म्हातारे होऊन बसलेलेच असतात. त्यांचे बोट जाते मागच्या कोनाड्याकडे, दाराच्या चौकटीकडे, अंगणातल्या बाभळीकडे. फोटो काढणाऱ्याला त्या गोष्टी नको होत्या, चुकून आल्या. आज त्याच उरल्या आहेत. कडेच्या त्या दोन बोटे जागेत एखाद्याचे सबंध घर असू शकते.

दुसरा प्रश्न वेगाचा. कारखान्यातून येताना चौकट बहुधा दर दहा सेकंदांनी चित्र बदलते, आणि बदलताना कधी पान उलटल्याचा, कधी पडदा सरकल्याचा, कधी काच फुटल्याचा देखावा करते. हे देखावे पहिल्या दिवशी बंद करावेत. आजीचा फोटो काच फुटल्यासारखा नाहीसा होणे हे कुठल्याच सुज्ञ माणसाला रुचणार नाही. (१९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा एक चित्र कॅसेटवर नोंदायलाच तेवीस सेकंद लागत, आणि ते पाहायला टेलिव्हिजनचा पडदा लागे. पाहणाऱ्याने तेव्हा काच फुटण्याची अपेक्षा केली नसावी.)

दुकानदार सांगतो की हिच्यात बत्तीस जीबी साठवण आहे, हजारो फोटो मावतील. मावोत. दर फोटोला दोन एमबी धरले तर सोळा हजारांच्या आसपास फोटो झाले. दहा-दहा सेकंदांनी सोळा हजार फोटो दाखवायला चव्वेचाळीस तास लागतात. चौकट दिवसाला बारा तास चालवली तर एक फोटो पुन्हा दिसायला चौथा दिवस उजाडतो. एवढ्या गर्दीत कुणाचाही चेहरा मनात ठरत नाही; बसस्थानकावर बसून माणसे पाहावीत तसे होते. त्याउलट साठ फोटो निवडा आणि प्रत्येकाला एक मिनिट द्या. तासाभरात फेरी पूर्ण होते. भाजी निवडताना, गहू पाखडताना मान वर केली की ओळखीचे काही तरी असते, आणि पाहून होईपर्यंत ते थांबते.

परंतु साठ निवडायचे कुणी? घरात खरा वाद होतो तो इथे. पूर्वी भिंतीवर काय लावायचे हे कर्ता पुरुष ठरवी, आणि भिंतीही त्याप्रमाणेच दिसत. अनेक घरांत आजीचा एकटीचा असा फोटोच नसे. ती गेल्यावर कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून तिचा चेहरा कापून स्टुडिओवाल्याकडून मोठा करून घेतलेला असतो. नीट पाहिले तर तिच्या खांद्यावर शेजारणीच्या हाताची बोटे राहिलेली दिसतात. १९९३ नंतर मतदार ओळखपत्रे निघाली तेव्हा खेड्यांतल्या कितीतरी बायांचा पहिला स्वतंत्र फोटो सरकारने काढला, तोही घाईत, उन्हात डोळे मिचकावलेला. आता ज्याच्या मोबाईलमध्ये ॲप तो ठरवतो. कर्ता बदलला, पण कर्ता राहिलाच. मुलगा सहलीचे फोटो पाठवतो, सून माहेरचे, आणि चौकट ज्यांच्या भिंतीवर आहे ती दोन म्हातारी माणसे समोर येईल ते पाहतात. म्हणून चौकट विकत घेताना हे पाहावे की मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह लावून तिच्यात फोटो घालता येतात की नाही, आणि नको असलेला फोटो चौकटीवरूनच काढून टाकता येतो की नाही. ज्या चौकटीत पाठवणारालाच सर्व अधिकार आणि पाहणाऱ्याला काहीच नाही, ती कितीही सुबक असली तरी मी घेण्याची शिफारस करणार नाही.

मात्र एक बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. दूर असलेल्या घराला ही वस्तू जेवढी जवळ आणते तेवढे पत्राने कधी आणले नाही. नातू पहिल्यांदा उभा राहिला, आणि त्याच संध्याकाळी इकडे ओसरीत तो उभा दिसला! मोबाईलवरही तो दिसतो, पण मोबाईल हा ज्याचा त्याचा. चौकट सर्वांची. दूध घालायला आलेला गवळीही दोन मिनिटे थांबतो आणि म्हणतो, "आजीवर गेला." एवढ्या एका वाक्यासाठी पाच-सात हजार रुपये खर्च करणारे लोक आहेत आणि ते वेडे नव्हेत.

फोटो कुठे राहतात, हा प्रश्न मात्र त्यांनीही विचारावा. काही चौकटींत ते चौकटीतच राहतात. काहींत ते कंपनीच्या दूरच्या संगणकावर राहतात आणि चौकट फक्त खिडकी असते. फुकटची साठवण ही पाहुण्याच्या घरची पथारी आहे. गुगल फोटोजने अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. निक्सप्ले या चौकटी विकणाऱ्या कंपनीने २०२५ साली आपल्या ग्राहकांची फुकट साठवण १० जीबीवरून ५०० एमबीवर आणली. बेकायदा काही झाले नाही. परंतु भिंतीवरची तसबीर कधी भाडे मागायला आली नव्हती.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक-दोन गोष्टी, ज्या शहरात छापलेल्या जाहिरातींत येत नाहीत. अनेक चौकटींच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान ० ते ४० अंश दिलेले असते. आपला मे महिना चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि टिनाच्या छपराखाली त्याहूनही वर. तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवर ती लावू नये, आणि भर दुपारी बंद ठेवावी. वीज गेली की ती काळी होते, कारण बहुतेकींना आतली बॅटरी नसते. वीज परत आली की ती आपोआप सुरू होते, का कुणीतरी जाऊन बटण दाबावे लागते, हे दुकानातच पिन काढून पुन्हा लावून पाहावे. घरात दोन म्हातारी माणसेच असतील तर या एका गोष्टीवर चौकट चालणार की कपाटात जाणार हे ठरते. विजेच्या खर्चाची धास्ती नको. दहा वॅट आणि बारा तास धरले तरी महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास होतात. अंधारात मंद होणारी असेल तर उत्तम. कागदावरचा फोटो खोलीतला उजेड घेऊन दिसतो, ही बया स्वतः उजेड फेकते. रात्री माजघरात झोपणाऱ्याच्या तोंडावर लग्नाची वरात नाचवते.

व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो लहान होऊन येतात, ते चालतील का, असे पुष्कळजण विचारतात. दहा इंची चौकट बहुधा १२८० बाय ८०० ठिपक्यांची असते. तिला ते पुरतात. मोठी प्रत छापून तसबीर करायची असेल तर मात्र मूळ फोटोच मागवावा.

एका बाबतीत ही चौकट पेटीपेक्षा निःसंशय गरीब आहे. आल्बम एकट्याने पाहायचा नसतो. तो मांडीवर घेऊन आजी किंवा आत्या बसायची, पान उलटायच्या आधी सांगायची, "ही अमक्याची पहिली बायको, हिच्या हातची पुरणपोळी…" आणि पुढची दहा मिनिटे पान तसेच राहायचे. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आत्मचरित्राला 'स्मृतिचित्रे' हे नाव दिले. त्यातली चित्रे कॅमेऱ्याने काढलेली नाहीत, पण प्रत्येक चित्राशी बोलणारी बाई आहे. चौकटीत चित्रे आहेत आणि बोलणारी बाई नाही. दोन पिढ्यांनी त्या साठांतल्या वीस जणांची नावे कुणाला सांगता येणार नाहीत. यासाठी फोटो घालण्यापूर्वी त्याच्या खालच्या कडेला नाव, गाव आणि साल लिहून घ्यावे. काही चौकटींत मजकूर जोडण्याची सोय असते. तिथे देवनागरी अक्षरे नीट उमटतात का, का नुसते चौकोन दिसतात, हे घेण्यापूर्वी पाहावे. शाळेतल्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून हे काम द्यावे असे मला फार वाटते. आजीजवळ बसून वीस फोटोंची नावे लिहून आणणे हा शुद्धलेखनाच्या दहा पानांपेक्षा कमी अभ्यास नव्हे.

आणि सर्वच फोटो दाखवायचे नसतात, हेही ध्यानात घ्यावे. रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकाचे छायाचित्रांवरचे पुस्तक १९८० साली निघाले. आईच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या त्या पुस्तकाचा उत्तरार्ध तिच्या लहानपणच्या एका फोटोभोवती फिरतो. पुस्तकात इतर पुष्कळ फोटो आहेत, तेवढा एकच छापलेला नाही. इतरांना त्यात काही दिसणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आपल्या पेटीतही असे एक-दोन फोटो असतात. कुणाच्या आजारपणातले, मोडलेल्या लग्नातले, लहानपणी गेलेल्या लेकराचे. आई ते वर्षातून एकदा एकटी असताना काढते. ते दर तासाला ओसरीत उजळून दाखवणे म्हणजे तिच्यावर जुलूम आहे. साठांची यादी करताना तिला विचारावे, आणि ती "राहू दे" म्हणाली तर कारण विचारू नये.

काम सुरू करायचे ते रंगीत फोटोंपासून. काळ्या-पांढऱ्या फोटोंना पाहून लोक घाबरतात आणि तेच आधी उतरवून घेतात. वस्तुतः सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटोच लवकर विटतात, लालसर-पिवळे होत जातात. तुमच्या आजोबांपेक्षा तुमच्या आईवडिलांचे लग्न अधिक धोक्यात आहे. मोबाईलने टिपायचे असेल तर फोटो काचेतून काढावा, सकाळच्या सावलीतल्या उजेडात ओसरीवर सपाट ठेवावा, आणि मोबाईल अगदी वरून धरावा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. तसाच, काचेसकट, दिव्याची तिरीप टाळून टिपावा. चिकट पानांच्या आल्बममधले फोटो सुटत असतील तर सोडवून कागदी पाकिटात ठेवावेत. आणि प्रत्येक फोटो उलटा करून त्याची पाठही टिपावी. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीने लिहिलेले साल असते, कधी "चि. बाबूस सप्रेम" एवढेच. चौकटीत पाठ दाखवायची सोय नाही; ती साठांत एकसष्टावा फोटो म्हणून घालावी लागेल.